खोलीभाड्याची सरकारी मदत: स्वाधारचा अर्ज कोणत्या क्रमाने करायचा आणि तो कुठे अडतो

"सर, फॉर्म भरलाय, पैसे कधी येतील?" हा प्रश्न मला दर दिवाळीच्या आसपास ऐकू येतो. विचारणारा मुलगा किंवा मुलगी गावाकडून शहरात शिकायला आलेली असते, घरी शेतमजुरी किंवा रोजंदारी असते आणि खोलीचं भाडं दोन महिन्यांचं थकलेलं असतं. कागद पाहायला घेतले की बहुतेकदा कळतं की विद्यार्थी पात्र आहे, पण पावलं उलट्या क्रमाने टाकली आहेत. खोली आधी घेतली, वसतिगृहाचा अर्ज केलाच नाही. किंवा सगळं बरोबर केलं आणि बँक खातं चुकीचं निघालं.

हा लेख त्या क्रमासाठी आहे. मुख्य उदाहरण भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचं घेतलं आहे, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथे होतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणासाठी ही योजना पैसे देते. इतर प्रवर्गांच्या योजनांची नावं पहिल्या टप्प्यात आहेत. कागद, बँक आणि खोली यांबद्दल पुढे जे लिहिलंय ते त्यांनाही बऱ्याच अंशी लागू पडतं.

१. आधी आपलं दार ओळखा

खोलीभाडं आणि जेवणखर्चाची मदत राज्यात एकाच कार्यालयातून मिळत नाही. प्रवर्गानुसार विभाग बदलतो:

- अनुसूचित जाती आणि नवबौद्ध: स्वाधार योजना. जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांचं कार्यालय.
- अनुसूचित जमाती: पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना. आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालय.
- इतर मागास, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग: ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. इतर मागास बहुजन कल्याण विभाग.
- मराठा आणि खुल्या प्रवर्गातले आर्थिकदृष्ट्या दुर्बल: डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. हिचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर असतो.

स्वाधारसाठी मुख्य अटी अशा: विद्यार्थी महाराष्ट्राचा रहिवासी हवा. पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. शिक्षण दहावीनंतरचं हवं. शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळालेला नसावा. आणि ज्या शहरात कॉलेज आहे त्या शहराचा तो स्थानिक नसावा. गुणांच्या अटीबद्दल एक सांगतो. जुन्या माहितीपत्रकांत ६० टक्के दिसतं आणि ते वाचून ५५ टक्केवाली मुलं अर्जच करत नाहीत. ही अट नंतर शिथिल झाली आहे. चालू वर्षाच्या सूचनेतला आकडाच धरा, मोबाईलवर फिरणाऱ्या चार वर्षांपूर्वीच्या फोटोतला नको.

थांबा: "स्थानिक" ही अट फार मुलांना नडते. शहरात आल्यावर सिमकार्ड किंवा लायसन्ससाठी आधारवरचा पत्ता बदलून खोलीचा टाकला, तर कागदावर तुम्ही त्या शहराचे होता. अर्जाची सगळी प्रक्रिया संपेपर्यंत आधारवर गावाचाच पत्ता राहू द्या.

२. पैसे किती, हे आधी समजून घ्या

मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर इथे स्वाधारची वार्षिक रक्कम ६०,००० रुपये आहे. त्यात भोजनभत्ता ३२,०००, निवासभत्ता २०,००० आणि निर्वाहभत्ता ८,००० धरलेला असतो. इतर महापालिका क्षेत्रांत ही रक्कम ५१,००० आहे (२८,००० + १५,००० + ८,०००) आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० (२५,००० + १२,००० + ६,०००). तालुक्याच्या ठिकाणी शिकणाऱ्यांसाठी ३८,००० चा दर नंतर आला.

आता निवासभत्त्याचा आकडा पुन्हा वाचा. पुण्यासारख्या शहरात वर्षाला २०,०००, म्हणजे दहा महिने धरले तर महिन्याला २,०००. एवढ्यात कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली फक्त झोपायची जागा भाड्याने, एक कॉट मिळणंही कठीण असतं. म्हणून "साठ हजार येणारच आहेत" या हिशेबावर पाच हजारांची खोली घेऊ नका. शिवाय भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून निर्वाहभत्ता मिळत असेल तर तेवढी रक्कम स्वाधारमधून वजा होते. दरवर्षी काही मुलं येऊन सांगतात की आमचे पैसे कापले. ते पैसे कोणी खाल्लेले नसतात. एकाच कारणासाठी दोनदा पैसे मिळत नाहीत, एवढंच. शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र सोडू नका, कारण कॉलेजची फी त्यातूनच भागते.

३. कागद: मे महिन्यात, जुलैमध्ये नाही

निकाल लागल्यावर सेतू केंद्राबाहेर जी रांग लागते, तिच्यात उभं राहायची वेळ येऊ देऊ नका. कागद आधीच जमवता येतात.

उत्पन्नाचा दाखला सर्वांत आधी काढा. तो तहसीलदारांचा लागतो आणि त्यासाठी तलाठ्याचा उत्पन्न अहवाल लागतो. दाखल्यावर "३१ मार्चपर्यंत वैध" अशी मुदत असते, त्यामुळे गेल्या वर्षीचा दाखला यंदाच्या अर्जाला चालत नाही. एप्रिल उजाडल्यावर नवीन काढा. आई-वडील दोघं कमावत असतील तर दोघांचं उत्पन्न धरलं जातं. वडील नोकरीत असतील तर फॉर्म १६ (पगार आणि कापलेला कर दाखवणारा मालकाकडचा कागद) मागितला जाऊ शकतो. दाखल्यावरचं उत्पन्न आणि फॉर्म १६ वरचं उत्पन्न जुळत नसेल तर अर्ज तिथेच थांबतो.

जातीचा दाखला आणि जात पडताळणी समितीचं जातवैधता प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. मुलं एकाच्या जागी दुसरा अपलोड करतात. सूचनेत जो मागितला आहे तोच द्या.

बाकीचे: अधिवास प्रमाणपत्र, दहावी-बारावी आणि मागच्या वर्षाची गुणपत्रिका, शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला, आधार, चालू वर्षाचं बोनाफाईड, प्रवेशाची पावती. शिक्षणात खंड असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. बोनाफाईडवर अभ्यासक्रमाचं नाव, वर्ष आणि तुकडी स्पष्ट लिहून घ्या. "हा आमचा विद्यार्थी आहे" एवढंच लिहिलेलं बोनाफाईड परत येतं.

तपासा: सगळे कागद टेबलावर एका ओळीत मांडा आणि फक्त नाव वाचत जा. दहावीच्या गुणपत्रिकेवर "सुनिता", आधारवर "सुनीता", बँकेत "सुनीता बाई". हा फरक तुम्हाला किरकोळ वाटतो, संगणकाला वाटत नाही. आधार दुरुस्त करायचं असेल तर दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे करा, कारण गुणपत्रिका बदलणं कितीतरी जास्त जिकिरीचं आहे.

४. बँक खातं: मंजूर पैसेसुद्धा इथे अडकतात

या टप्प्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण अर्ज मंजूर होऊनही पैसे न मिळालेली मुलं मी पाहिली आहेत. एका मुलीचा पहिला हप्ता तीन महिने सापडत नव्हता. शेवटी तो तिच्या गावाकडच्या एका जुन्या खात्यात मिळाला. शाळेत असताना कधीतरी उघडलेलं ते खातं ती विसरून गेली होती.

असं का होतं ते पाहा. सरकारी थेट लाभ हस्तांतरणाचे पैसे आधार क्रमांकावर जातात. कोणता आधार कोणत्या बँकेशी जोडलेला आहे याची नोंद राष्ट्रीय पातळीवर एकाच ठिकाणी असते आणि एका आधारला एकच बँक लागू असते. शेवटी जिथे जोडणी झाली, तिथे पैसे जातात. मग तुम्ही अर्जात कुठलाही खाते क्रमांक लिहिला असला तरी.

आणखी एक गैरसमज. बँकेत खातं उघडताना आधारची झेरॉक्स दिली म्हणजे आधार "लिंक" झालं असं मुलांना वाटतं. ते फक्त ओळखीसाठी असतं. लाभ जमा होण्यासाठी "आधार सीडिंग" वेगळं करावं लागतं आणि त्याचा वेगळा संमतीअर्ज बँकेत मिळतो.

करायचं असं:

१. 'माय आधार' संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि मोबाईलवर आलेला ओटीपी टाकून "बँक सीडिंग" ची स्थिती बघा. तिथे बँकेचं नाव आणि स्थिती दिसते.
२. दिसलेली बँक तुम्ही वापरता तीच आहे का? नसेल तर वापरात असलेल्या बँकेत जाऊन सीडिंगचा अर्ज द्या.
३. आठवड्याने पुन्हा बघा. "काम झालं" हे बँकेतल्या माणसाने सांगितलेलं पुरेसं नाही, पडद्यावर दिसलं पाहिजे.
४. खातं चालू आहे ना? दोन वर्षं व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय होतं. पन्नास-शंभर रुपये भरून-काढून ते जिवंत ठेवा.
५. खातं "लहान खातं" प्रकारातलं आहे का, हे विचारा. पुरेशा कागदपत्रांशिवाय उघडलेल्या अशा खात्यात एका वेळी ५०,००० पेक्षा जास्त शिल्लक राहू शकत नाही आणि वर्षभरात १ लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही. केवायसी (ओळख आणि पत्त्याची कागदपत्रं देणं) पूर्ण करून ते साध्या बचत खात्यात बदलून घ्या. अठरा वर्षांखालचं अज्ञान खातं असेल तर तेही वय पूर्ण होताच बदला.

थांबा: अर्ज आणि पैसे येणं या मधल्या काळात नवीन बँकेत खातं उघडू नका. कॉलेजच्या आवारात खातं उघडून देणारे येतात, एका सहीत आधार जोडून टाकतात, आणि तुमचा हप्ता तिकडे वळतो.

५. आधी वसतिगृहाचा अर्ज, मग स्वाधार

या क्रमाला पर्याय नाही. ज्या पात्र विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्यांच्यासाठीच ही योजना आहे. त्यामुळे तुम्ही वसतिगृह मागितलं होतं आणि ते मिळालं नाही, हे नोंदीत दिसलं पाहिजे. "मला वसतिगृहात राहायचंच नव्हतं म्हणून अर्ज केला नाही" असं सांगणाऱ्याला पुढे मार्ग उरत नाही.

सामाजिक न्याय विभागाच्या वसतिगृह पोर्टलवर अर्ज करा. अकरावी-बारावी, बिगरव्यावसायिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रम यांच्या तारखा वेगवेगळ्या असतात. इंजिनिअरिंगची मुलं बीएवाल्या मित्राची तारीख आपली समजतात, किंवा उलट होतं. प्रवेशफेऱ्या लांबल्या तर व्यावसायिकांची मुदत वाढू शकते, पण त्या भरवशावर बसू नका.

सूचना वाचताना दोन गोष्टी शोधा. स्वाधारचा पर्याय वसतिगृहाच्या अर्जातच निवडायचा आहे की निवडयादी लागल्यावर वेगळा भरायचा आहे? आणि छापील प्रत कोणत्या कार्यालयात, कोणत्या तारखेपर्यंत द्यायची आहे? या दोन उत्तरांशिवाय "सबमिट" दाबू नका.

कॉलेज ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या कार्यालयाकडे अर्ज जातो. गाव लातूरचं आणि कॉलेज पुण्याचं असेल तर पुण्याच्या कार्यालयाशी संबंध येतो. गावाकडच्या ओळखीच्या माणसाकरवी लातूरच्या कार्यालयात हेलपाटे घालून काही होत नाही.

निवडयादी लागली आणि तुमचं नाव आलं तर? वसतिगृहात जा. हे मी मनापासून सांगतो. राहणं, जेवण, अभ्यासाची जागा, सगळं सुटतं आणि दर महिन्याच्या भाड्याची टांगती तलवार राहत नाही. मिळालेली जागा सोडून स्वाधारचे रोख पैसे मागता येतील असं समजू नका.

तपासा: अर्ज क्रमांक, सबमिट झाल्याचा स्क्रीनशॉट आणि निवडयादीची प्रत मोबाईलमध्ये नको, ईमेलला स्वतःलाच पाठवून ठेवा. मोबाईल हरवतात.

६. खोली आणि मालकाचा कागद

तुम्ही खरोखर भाड्याने राहता याचा पुरावा लागतो. इथे घरमालकाशी बोलणं आलं आणि मुलं तेच टाळतात.

खोली ठरवतानाच, आगाऊ रक्कम देण्याआधी, मालकाला सांगा: "काका, मला सरकारी योजनेसाठी भाडेकरार लागणार आहे, माझ्या नावाने." तो नाही म्हणाला तर दुसरी खोली बघा. पैसे देऊन झाल्यावर विचारलं की तो टाळाटाळ करतो आणि तुमच्या हातात काही राहत नाही.

कॉट बेसिसवर राहणाऱ्यांनी जास्त सावध राहा. तिथे कॉट देणारा अनेकदा स्वतःच भाडेकरू असतो. त्याने लिहून दिलेला कागद मूळ मालकाच्या वीजबिलाशी किंवा घरपट्टीच्या पावतीशी जुळत नाही. कागदावर सही मूळ मालकाची हवी, किंवा ज्याला मालकाने लेखी अधिकार दिला आहे त्याची. तीन-चार जण मिळून एक खोली घेत असाल तर करारात प्रत्येकाचं नाव आणि प्रत्येकाच्या वाट्याचं भाडं लिहा. एकाच्या नावावर करार आणि बाकीचे तिघे नुसते राहतात, अशा वेळी तिघांचे अर्ज अडतात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी राहण्याच्या परवानगीचा) करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी ऑनलाइन होते. मालक खर्चाचं कारण देत असेल तर सगळ्यांनी मिळून वाटून घ्या. आपल्या कार्यालयाला नोंदणीकृत करारच हवा आहे की प्रतिज्ञापत्रासोबतचा करार चालतो, हे सूचनेतल्या नमुन्यावरून पाहून मगच कागद करा. करार किमान चालू शैक्षणिक वर्षाच्या अखेरीपर्यंतचा असू द्या.

भाडं शक्यतो खात्यातून द्या. रोख देत असाल तर दर महिन्याला तारीख, रक्कम आणि सही असलेली पावती घ्या. वहीच्या पानावर लिहिलेलीसुद्धा चालेल, पण घ्या.

थांबा: मामाकडे किंवा आत्याकडे राहत असाल तर भाड्याचा खोटा करार करू नका. प्रतिज्ञापत्रात तुम्ही शपथेवर लिहून देता. चौकशीला माणूस पत्त्यावर येऊ शकतो आणि खोटं निघालं तर घेतलेले पैसे परत भरावे लागतात.

७. छापील अर्ज देताना

झेरॉक्सचा गठ्ठा मागितलेल्या क्रमाने लावा आणि प्रत्येक पानावर स्वतःची सही करा. वसतिगृहात प्रवेश मिळालेला नाही, आपण स्थानिक नाही, कुठे नोकरी करत नाही, ही प्रतिज्ञापत्रं नमुन्याप्रमाणेच करा, स्वतःच्या शब्दांत नाही. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या: शिक्का, तारीख, आवक क्रमांक. "ठेवून जा" म्हटलं तर नम्रपणे सांगा की पोच मिळाल्याशिवाय मला कॉलेज सुट्टी देणार नाही, किंवा जे खरं असेल ते सांगा, पण पोच घेऊनच निघा. पुढे काही अडलं तर तुमच्या हातात तेवढाच पुरावा असतो.

त्रुटी निघाली तर ती पोर्टलवर किंवा संदेशातून कळवली जाते. आठवड्यातून एकदा लॉगिन करून बघा. त्रुटी दुरुस्तीची मुदत छोटी असते.

८. पैसे येईपर्यंत भाडं कसं भागवायचं

हप्ते उशिरा येतात. जूनपासून भाडं सुरू होतं आणि पहिला हप्ता दिवाळीनंतर, कधी त्याहून उशिरा येतो. हे धरूनच नियोजन करा:

- मालकाला पहिल्याच भेटीत सांगा की भाड्यातला एक भाग दर महिन्याला आणि उरलेला हप्ता आल्यावर देईन. ते करारात किंवा चिठ्ठीवर लिहून घ्या. आधी सांगितलं तर अनेक मालक ऐकतात. दोन महिने थकवून मग सांगितलं तर ऐकत नाहीत.
- अनामत रक्कम कमी असलेली खोली बघा, भले ती थोडी लांब असेल.
- कॉलेजमधली 'कमवा आणि शिका' योजना, विद्यार्थी सहाय्यता निधी आणि गावच्या किंवा समाजाच्या संस्थांची वसतिगृहं यांची चौकशी प्रवेशाच्या दिवशीच करा. प्राचार्यांकडे किंवा विद्यार्थी कल्याण अधिकाऱ्याकडे असा निधी असतो, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.
- व्याजाने पैसे काढू नका. मोबाईलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपपासून तर लांबच राहा. दोन हजारांसाठी एका मुलाचं शिक्षण सुटताना मी पाहिलंय.

९. पहिल्या हप्त्यानंतर

उपस्थिती ७५ टक्के लागते आणि तिचं पत्र कॉलेजकडून आणावं लागतं. हे पत्र आपोआप जात नाही, ते तुम्ही द्यायचं असतं. खोली बदलली तर नवीन करार आणि लेखी कळवणं, दोन्ही लगेच करा. मध्येच वसतिगृहात जागा मिळाली तर तेही कळवा.

अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी मागा. तोंडी "बसत नाही" याला काही अर्थ नाही. कारण त्रुटीचं असेल तर कागद जोडून पुन्हा विनंती करा. महिना-दोन महिने काहीच कळत नसेल तर माहिती अधिकार अधिनियम २००५ खाली साधा अर्ज करा: माझा अर्ज क्रमांक अमुक, तो सध्या कोणाकडे आहे, त्यावर काय शेरा आहे, निधी वितरित झाला का. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. भाषा भांडणाची नको, प्रश्न नेमके हवेत.

पुढच्या वर्षी हे सगळं पुन्हा करायचं आहे. निकालाची गुणपत्रिका, नवीन बोनाफाईड, नवीन उत्पन्नाचा दाखला, नवीन करार. एक फाईल करा, तिच्या पहिल्या पानावर आधारशी जोडलेल्या बँकेचं नाव, अर्ज क्रमांक आणि पोच क्रमांक लिहा, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गावी जाल तेव्हा ती सोबत न्या. तलाठ्याकडे जायचं असेलच.